टपालाने आलेल्या दुर्बळ पिलाची शुश्रूषा : ध्वनिविचाराच्या दृष्टीने

कोंबडीच्या पिलाच्या शुश्रूषेचा भाषाविज्ञानाशी संबंध काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांस पडेल, आणि तो पडणे रास्तच आहे. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९५३ साली ‘बिहेव्हिअर’ या नियतकालिकात कोंबडीच्या ध्वनिसंकेतांचे स्पेक्ट्रोग्राफ यंत्राच्या साहाय्याने केलेले पृथक्करण प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन लेखकांपैकी निकोलस कोलियास हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक होते. दुसरे लेखक मार्टिन जूस. ध्वनिभौतिकीवरील १९४८ चा प्रबंध लिहिणारे, १९५७ साली अमेरिकन वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा सुप्रसिद्ध निबंधसंग्रह संपादित करणारे आणि पुढे पाच घड्याळांच्या रूपकातून भाषेचे शैलीस्तर मांडणारे जूस ते हेच. त्यांचे इतर लेखन आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनात येते. कोंबड्यांवरचा हा लेख मात्र बहुधा कोणी उघडून पाहत नाही. प्रस्तुत लेखिकेनेही तो एका प्रसंगाने गरज पडली म्हणूनच वाचला. तो प्रसंग पुढे येईल. त्याआधी ज्या प्रथेतून तो उद्भवला ती समजून घेणे इष्ट होय.

नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले दूरच्या गिऱ्हाइकाकडे पाठविण्याचा उपक्रम अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. न्यू जर्सी राज्यातील स्टॉक्टन येथील जोसेफ विल्सन या उबवणीगृहाच्या मालकाने १८९२ साली पिल्ले अशी पाठविली, असे या व्यवसायाच्या इतिहासात नमूद आहे. १९१८ साली अमेरिकेच्या टपालखात्याने एक दिवसाची पिल्ले स्वीकारण्यास मान्यता दिली आणि ही प्रथा सार्वत्रिक झाली. ती आजही चालू आहे. आपल्याकडे पिल्ले उबवणी केंद्रातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून सामान्यतः गाडीने नेतात. खोके तेच, वाहक निराळा. त्यामुळे पुढील विवेचनातील बराचसा भाग आपल्याकडील प्रवासालाही लागू पडतो.

दाणापाण्यावाचून पिल्लू इतका प्रवास कसे करू शकते, याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. एकवीस दिवसांच्या उबवणीच्या अखेरीस अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या बेंबीवाटे उदरात ओढून घेतला जातो, आणि जन्मानंतरचे दोन-तीन दिवस ही शिदोरी त्याला पुरते. निसर्गाची यामागील सोय वेगळीच आहे. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच घटकेस फुटत नाहीत. पहिल्या पिलाला शेवटचे भावंड बाहेर येईपर्यंत आईच्या पंखाखाली थांबावे लागते, आणि तेवढा काळ निभावण्यासाठी हा बलक असतो. टपालखात्याने या सवडीचा उपयोग करून घेतला, एवढेच. म्हणूनच उबवणीनंतर ७२ तासांच्या आत पिल्ले गिऱ्हाइकाच्या हाती पडली पाहिजेत, असा टपालखात्याचा नियम आहे.

परंतु बलकातून अन्न मिळते, ऊब मिळत नाही. पहिल्या दिवसांत पिलाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. आईच्या पोटाची ऊब नाही, तेव्हा खोक्यातील पंचवीस-पन्नास पिल्ले एकमेकांना देतील तीच ऊब. थंडी पडली, खोके एखाद्या धक्क्यावर पडून राहिले किंवा एक दिवस उशीर झाला, की हिशेब चुकतो. २०२० च्या उन्हाळ्यात मेन राज्यातील शेतकऱ्यांकडे पोहोचलेली हजारो पिल्ले मृतावस्थेत होती. २०२५ च्या वसंतऋतूत डेलावेअर राज्यात टपालाच्या एका ट्रकमध्ये सुमारे १२,००० पिल्ले तीन दिवस तशीच राहून गेली. त्यांतील हजारो मेली, आणि उरलेल्यांची व्यवस्था एका प्राणिनिवाऱ्यावर येऊन पडली. एवढ्या मोठ्या दुर्घटनांची वार्ता होते. पंचवीस पिलांच्या खोक्यात तळाशी पडलेल्या एक-दोन पिलांची होत नाही, आणि शुश्रूषेचा प्रश्न मुख्यतः त्यांचाच असतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये प्रस्तुत लेखिका विस्कॉन्सिन राज्यातील एका लहान गावी भाड्याच्या खोलीत राहत होती. घरमालकीण सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या आणि दमेकरी. एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास टपालकचेरीतून दूरध्वनी आला की पिल्ले आली आहेत, घेऊन जावीत. (अशी पार्सले आली की टपालकचेरीतील माणसे उजाडताच कळवतात, त्या कलकलाटात त्यांना काम सुचत नसावे.) बाहेर गोठणबिंदूखालची थंडी होती. खोके आणण्याचे काम माझ्याकडे आले. वाटेत ते मांडीवर घेतले होते आणि आतून अखंड ओरडणे चालू होते. घरी येऊन झाकण उघडले तेव्हा तेवीस पिल्ले ओरडत होती आणि दोन गप्प होती. मी ओरडणाऱ्यांकडे धावले. घरमालकीणबाईंनी गप्प असलेली दोन आधी उचलली.

हा क्रम त्यांनी कोठे वाचला नव्हता. मला मात्र तो पाहून सातारकडील आजीची आठवण झाली. डालग्याखाली झाकलेल्या पिलांचा आवाज ऐकत ती म्हणे, “वरडतंय न्हवं? मग जित्तं हाय. गप झालं की बघ त्याच्याकडं.” दोघींचे शास्त्र एकच होते, आणि ते ध्वनीच्या अभावावर उभारलेले होते.

आता जूस-कोलियास यांचा लेख. त्यांच्या पृथक्करणात पिलाचे दोन प्रकारचे स्वर स्पष्टपणे वेगळे निघाले. थंडी, भूक किंवा एकटेपणा यांनी व्याकूळ झालेल्या पिलाच्या ओरडण्यात स्वराची कंप्रता वरून खाली उतरत जाते. ऊब, अन्न आणि सोबत मिळालेल्या पिलाच्या समाधानाच्या बोलात ती खालून वर चढते. पहिला स्वर मोठा आणि लांब असतो, दुसरा हळू आणि आखूड. पिलांना जवळ बोलावणाऱ्या कोंबडीच्या आवाजाची लक्षणेही त्यांनी नोंदविली : आखूड, तुटक, पुनःपुन्हा येणारे आणि खालच्या कंप्रतेचे ध्वनी. आरोह-अवरोहाच्या विरोधाने अर्थभेद होणे ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. मात्र यावरून मानवी स्वराघाताशी नाते जोडण्याचा मोह आवरला पाहिजे. पिलाचा आवाज आपल्याप्रमाणे कंठातून निघत नाही. श्वासनलिका जेथे दुभंगते तेथील ‘सिरिंक्स’ या इंद्रियातून तो निघतो. शिवाय हा विरोध शिकलेला नसतो, जन्मजात असतो. तरीही ऐकणाऱ्याच्या दृष्टीने तो विरोधच आहे, आणि कानाला थोडी सवय झाली की यंत्रावाचून ओळखता येतो.

आपल्या शब्दसंपत्तीत या विरोधाला स्थान नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. शालेय पुस्तकांतील आवाजदर्शक शब्दांच्या यादीत कोंबड्याचे आरवणे असते. पिलाच्या वाट्याला येते ती चिमणीबरोबर वाटून घेतलेली चिवचिव. पिल्लू सुखात असो वा मरणाच्या दारी, शब्द एकच. आपल्या प्राचीन वैयाकरणांचा कान याबाबतीत तीक्ष्ण होता, पण त्यांचे लक्षही मोठ्या पक्ष्यांकडे गेले. मात्रांचे माप देताना पाणिनीय शिक्षेने चाष, कावळा आणि मोर यांचे आवाज निवडले. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत सांगताना पाणिनीने अकाराऐवजी उकार का घेतला, याचा उलगडा परंपरेने कोंबड्याच्या आरवण्यावरून केला आहे. पिलाचा विचार कोणी केलेला माझ्या आढळात नाही.

आता त्या दोन गप्प पिलांकडे वळू. आपल्या शास्त्रात शून्यालाही मूल्य असते. लोप झालेला प्रत्यय आपले कार्य करीतच असतो. पिलाच्या मौनाचेही तसेच आहे, आणि अडचण अशी की हे शून्य अनेकार्थी आहे. झोपलेले पिल्लू गप्प असते. वरून घारीची सावली गेली आणि कोंबडीने इशारा दिला तर पिल्ले जागच्या जागी थिजून गप्प होतात. आणि थंडीने ज्याची शक्ती संपली तेही गप्प असते. दिसण्यावरूनही निर्णय होत नाही, कारण निरोगी पिल्लू गाढ झोपले की मान पुढे टाकून, पाय पसरून असे पडते की नवखा माणूस त्याला मेलेले समजतो. निर्णय करावा लागतो तो स्पर्शाने. पिलाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. झोपलेल्याचे पाय उबदार लागतात आणि हात लागताच ते कुरकुर करीत जागे होते. गारठलेल्याचे पाय थंडगार असतात, मान सावरत नाही, डोळे मिटलेले असतात आणि चोच मधून मधून नुसती उघडते. पायांची कातडी कोरडी, सुरकुतलेली दिसली तर पाण्याचीही तूट आहे असे समजावे.

अशा पिलाला पहिली गोष्ट द्यावयाची ती ऊब, आणि काही वेळ ऊबच. नवशिक्याची चूक येथेच होते. दुर्बळ जीव पाहिला की त्याच्या तोंडात काहीतरी घालावे, अशी आपली वृत्ती असते. पक्ष्याच्या तोंडाची रचना ध्यानात घेतली तर यातील धोका कळेल. त्याची श्वासनलिका जिभेच्या मुळामागे, तोंडाच्या तळाशीच उघडते, आणि तिच्यावर आपल्यासारखे कंठपिधान नसते. धडधाकट पिल्लू गिळताना ते द्वार मिटून घेते. गारठलेल्या पिलाच्या या प्रतिक्षिप्त क्रियेवर विसंबता येत नाही, आणि तोंडात सोडलेले पाणी पोटाऐवजी फुप्फुसात जाते. शिवाय थंड शरीरात पचन चालत नाही. पिल्लू मान स्वतः धरू लागेपर्यंत पाण्याचा थेंबही देऊ नये.

ऊब द्यावयाची तीही बेताने. प्रथम दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरावे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तरी चालते. नंतर कृत्रिम दाईखाली, म्हणजे उष्णतादिव्याखाली किंवा उबदार पत्र्याखाली, पिलाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखावे. पुढे दर आठवड्यास ते सुमारे ३ अंशांनी कमी करीत न्यावे. खोक्याची एक बाजू थंड ठेवणे अगत्याचे आहे, म्हणजे पिल्लाला निवड करता येते. ज्याला हलताच येत नाही त्याच्याजवळून मात्र उठू नये, कारण तापणेही तितकेच घातक. दिव्याखाली सगळी पिल्ले दाटीवाटीने ओरडू लागली तर थंडी आहे. कडेला पांगून, पंख पाडून, चोची उघड्या टाकून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त आहे. पसरून हळू आवाजात बोलत राहिली तर ठीक आहे. दिवा भक्कम बांधलेला असावा, नाहीतर तो भुशात पडून आग लागते.

आमच्या दोन पिलांपैकी एकाने साधारण चाळीस मिनिटांनी ओरडायला सुरुवात केली. बाईंना आनंद झाला. मला तो आवाज ऐकवेना. स्वर उतरता होता, म्हणजे व्यथेचाच होता. पण मौनाकडून समाधानाकडे जाणारी वाट या व्यथेच्या स्वरातूनच जाते. जो ओरडतो त्याच्यापाशी ओरडण्याइतके बळ आलेले असते. हे कळल्यानंतर मी भ्रमणध्वनीवर त्याचे ध्वनिमुद्रण करू लागले, आणि जूस यांचा लेख शोधून वाचला तोही त्याच रात्री.

त्यानंतर पाणी. ते कोमट असावे, आणि पहिल्या काही तासांपुरती त्यात थोडी साखर विरघळवावी. लिटरभर पाण्यास दोन-तीन मोठे चमचे पुरेत. ती अधिक काळ चालू ठेवली तर हगवण लागते. चोचीचे नुसते टोक पाण्यात बुडवावे, किंवा चोचीच्या कडेला बोटाने थेंब लावावा आणि पिलाला स्वतः गिळू द्यावे. मान वर करून ते गिळते, हे दिसल्याखेरीज दुसरा थेंब नको. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात गोट्या किंवा खडे टाकावेत. थकलेले पिल्लू पाऊण इंच पाण्यातही बुडते. पाण्यानंतर दाणा : पिलांसाठीचे बारीक खाद्य पाण्यात कालवून, आणि हवे तर चिमूटभर उकडलेल्या अंड्याचा बलक. बोटाने खाद्यावर टकटक केले की पिल्लू तेथे चोच मारते, कारण कोंबडी नेमके तेच करते. चोवीस तासांत गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहावी. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. जे पिल्लू खायला शिकत नाही ते बलक संपेपर्यंत ठीक दिसते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अकस्मात दगावते. लोक मग रोगाला बोल लावतात.

प्रवासाच्या ताणाने आणखी एक उपद्रव होतो. विष्ठा पातळ होऊन शेपटाखाली चिकटते, वाळते आणि गुदद्वार बुजते. वेळीच लक्ष न दिल्यास पिल्लू त्यानेच मरते. कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने ती मऊ करून हळूहळू काढावी, ओढू नये. नंतर पिल्लू पूर्ण कोरडे करून ऊब द्यावी आणि त्या जागी किंचित व्हॅसलीन लावावे. येथे एक भ्रम टाळला पाहिजे. पोटाच्या मध्यावर जी लहान खपली दिसते ती बेंबी होय. तिला मळ समजून ओढणाऱ्याने पिलाचे प्राण घेतलेच म्हणून समजावे.

इजांपैकी सर्वांत जास्त आढळते ते पाय फाकणे. गुळगुळीत तळावर पाय घसरून दोन बाजूंना जातात आणि पिल्लू उभे राहू शकत नाही. म्हणून खोक्यात वर्तमानपत्र अंथरू नये. खरखरीत कापड अंथरावे. चिकटपट्टीची अरुंद फीत दोन्ही पायांना अशी गुंडाळावी की पाय शरीराच्या सरळ खाली, स्वाभाविक अंतरावर राहतील. फीत आवळून रक्तप्रवाह थांबता कामा नये. पहिल्या एक-दोन दिवसांत हा उपाय केला तर थोड्याच दिवसांत पाय सुधारतात. आठवडा उलटला की हाडे आणि स्नायू त्याच स्थितीत पक्के होऊ लागतात. टोचलेल्या जखमा मिठाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात आणि ते पिल्लू वेगळे ठेवावे, कारण लाल ठिपका दिसला की इतर पिल्ले त्यावरच चोच मारतात. हे सर्व करताना हात साबणाने धुणे आवश्यक. निरोगी दिसणाऱ्या पिलांच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असतात. अवयव मोडला असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल तर पशुवैद्यच पाहिजे.

वेगळे ठेवणे म्हणजे एकटे ठेवणे नव्हे. एकट्या पिलाचे ओरडणे ऊब आणि अन्न देऊनही थांबत नाही, आणि त्या ओरडण्यातच त्याची शक्ती जाते. जाळीच्या आडून इतरांचा आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. सोबतीला एखादे शांत स्वभावाचे पिल्लू दिले तर फारच उत्तम. आम्ही आमच्या पिलाजवळ असे एक ठेवले आणि अर्ध्या तासात त्याच्या आवाजाची लांबी कमी झाली.

व्यवसायातही या आवाजांकडे अलीकडे लक्ष गेले आहे. २०२० साली कॅथरीन हर्बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यापारी कुक्कुटगृहांतील हजारो पिलांच्या एकत्रित कलकलाटाचे मुद्रण तपासले, आणि आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांतील व्यथास्वरांवरून पुढील वजनवाढीचा व मृत्युप्रमाणाचा अंदाज करता येतो, असे दाखविले. त्यांचे काम कळपाविषयी आहे. कळपाच्या कलकलाटात जे पिल्लू गप्प आहे ते अशा पद्धतीला ऐकू येणार नाही, ही मर्यादा मला महत्त्वाची वाटते. ते शोधायला अजूनही झाकण उघडून खाली पाहणारे माणूस लागते.

आमच्या दोघांपैकी दुसरे पिल्लू बोललेच नाही. दिवसभर ते बाईंच्या ओंजळीत होते. दुपारी एकदा त्याने मान उचलली आणि पुन्हा टाकली. संध्याकाळी बाईंनी त्याला पाणी देण्याचा माझा आग्रह शांतपणे नाकारला. रात्री नऊच्या सुमारास ते गेले. पहिल्या पिलाचे शेवटचे ध्वनिमुद्रण तिसऱ्या दिवशी सकाळचे आहे. ते ‘प्रात’ या संगणकीय प्रणालीत उघडून पाहिले असता पडद्यावर आखूड आखूड रेघा दिसतात, आणि त्यांतील बहुतेक सर्व डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेल्या आहेत. मधूनच एक लांब, उतरती रेघ येते. त्या क्षणी मी त्याच्या पायाची पट्टी बदलत होते.